घरी बनवायची छोटी पवनचक्की – पात्यांच्या आधी वारा मोजा, खांब ठरवा

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. सोलारच्या गप्पांमध्ये दोनतीन जणांनी विचारलं होतं की घरच्या घरी छोटी पवनचक्की बनवून वीज करता येते का, तिकडे विषयांतर नको म्हणून इथे सविस्तर लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर पाटण तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या सड्यावर. जून लागला की वारा असा सुटतो की छपराच्या पत्र्यांवर दगड ठेवल्याशिवाय चालत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत लाईट जाते ती कधीकधी दोनदोन दिवस येत नाही. सोलार पॅनल आहे पण आठवडाभर धुकं बसलं की बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही. म्हणजे ऊन नसतं तेव्हाच वारा असतो आणि हिवाळ्यात वारा पडतो तेव्हा ऊन चांगलं असतं. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या मोठ्या पवनचक्क्या याच पठारांवर उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. त्यामुळे माझं स्पष्ट मत, आपल्याकडे घरगुती पवनचक्की ही सोलारच्या ऐवजी नाही, सोलारची पावसाळ्यातली जोडीदार म्हणून करायची. आणि तीही जिथे खरंच वारा आहे तिथेच.

आता हिशोब. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. सूत्र सोपं आहे, अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. समजा पात्यांचा व्यास 2.4 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर. आमच्या उंचीवर घनता साधारण 1.1 (घनमीटरला किलो) धरा. वारा सेकंदाला 4 मीटर असेल तर वाऱ्यातच 160 वॅट असतात. त्यातले सगळे कुणालाच काढता येत नाहीत, आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलेली मर्यादा 59.3 टक्के आहे, आणि घरगुती मशीनमध्ये पाती, जनरेटर, डायोड, वायर सगळं धरून 25 टक्के हाती लागले तरी छान. म्हणजे 4 मीटरला 40 वॅट. 6 मीटरला 130 च्या आसपास. 8 मीटरला 320. बघा, 4 आणि 8 मध्ये काय फरक पडला ते!

म्हणून यूट्यूबवर "एका पंख्यावर आख्खं घर चालवा" असे व्हिडिओ बघून लगेच जनरेटरसाठी मॅग्नेट मागवू नका. आधी वारा मोजा. कपवाला अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) आणि एक अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), तासातासाची नोंद कार्डवर ठेवायची, आणि जिथे चक्की बसणार साधारण त्याच उंचीवर लावायचा. कमीत कमी एक पावसाळा आणि एक हिवाळा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण यातच सगळं ठरतं.

नुसती सरासरीही फसवते बरं का. एका जागी दिवसभर 4 मीटर वारा आहे आणि दुसऱ्या जागी अर्धा दिवस 8 आणि अर्धा दिवस शून्य. दोन्हीकडे सरासरी 4 च. पण दुसरीकडे वाऱ्यातली ऊर्जा चौपट. म्हणून तासाच्या नोंदी हव्यात.

डोंबिवलीकर_नंदू

मस्त लिहिलंय दादा. आमची सात मजली सोसायटी आहे, गच्चीवर वारा भन्नाट असतो, संध्याकाळी उभं राहवत नाही. गच्चीवर छोटी व्हर्टिकल वाली, म्हणजे उभ्या दांड्याभोवती फिरणारी, बसवली तर कॉमन लाईटपुरती वीज निघेल का? रील्समध्ये तर ती ट्यूलिपसारखी फिरताना फार भारी दिसते आणि आवाज पण नाही म्हणतात.

सड्यावरचा

नंदूभाऊ, गच्चीवर वारा जोरात लागतो पण तो फाटलेला असतो. इमारतीच्या कडेला आपटून भोवरे होतात, दर सेकंदाला दिशा बदलते. पात्यांना सलग, सरळ वारा लागतो. जुना ठोकताळा असा की शंभरदीडशे मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा घरापेक्षा पाती निदान 9 मीटर वर हवीत. सोसायटीच्या गच्चीवर 9 मीटरचा खांब कमिटी उभा करू देणार नाही आणि देऊही नये, कारण सगळी थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते.

व्हर्टिकलमध्ये ते अर्ध्या पिंपाचं असतं ना, सॅव्होनियस, ते वाऱ्याच्या ढकलण्यावर चालतं. सावकाश फिरतं, वजनाला जड, आणि त्याच क्षेत्रफळात तीन पात्यांच्या चक्कीच्या निम्मीसुद्धा वीज देत नाही. पाणी उपसायला ठीक. तुमच्या गच्चीवर सोलारच लावा, मनापासून सांगतो.

तारामास्तर

वाचतोय. जनरेटर कुठला वापरणार? माझ्याकडे मारुतीचा जुना अल्टरनेटर पडून आहे आणि एक सीलिंग फॅन पण आहे. यातलं काही चालेल काय?

सड्यावरचा

मास्तर, कारचा अल्टरनेटर हजारच्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळाल्याशिवाय नीट चार्ज करत नाही, शिवाय त्याच्या फील्ड कॉइललाच आधी बॅटरीतून करंट द्यावा लागतो. आपली चक्की किती फिरणार ते बघा. तीन पात्यांचं टोक वाऱ्याच्या साधारण सहापट वेगाने पळतं. 2.4 मीटर व्यासाला 3 मीटरच्या वाऱ्यात 140-150 आरपीएम, 6 मीटरला 285. कुठे हजार आणि कुठे दीडशे. गिअर किंवा पट्टा लावला तर मंद वाऱ्यातली होती नव्हती ती ताकद त्यातच जाते.

सीलिंग फॅनच्या रोटरवर मॅग्नेट चिकटवून होतं, पण ते शिकण्यापुरतं, दोनचार एलईडी आणि मोबाईल.

खरा मार्ग म्हणजे अ‍ॅक्सियल फ्लक्स, म्हणजे चपट्या चकत्यांवर मॅग्नेट लावून हाताने करायचा जनरेटर. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाचं एक द्वीपकल्प आहे, तिथे गाडीरस्ता नाही, ग्रिड नाही. ह्यू पिगट हे गृहस्थ तिथे कित्येक वर्षं राहून हाताने पवनचक्क्या करत आले आणि त्यांनी ही रीत जगभर शिकवली. मी त्याच वाटेने चाललोय. थोडक्यात असं असतं –

लोखंडाच्या दोन गोल चकत्या, 300 मिमी व्यास, 10 मिमी जाड. प्रत्येकीवर 12 निओडिमियम मॅग्नेट, 46 x 30 x 10 मिमीचे, उत्तर-दक्षिण आळीपाळीने. दोन चकत्या समोरासमोर, एकीच्या उत्तरेसमोर दुसरीची दक्षिण. मधल्या फटीत तांब्याच्या 9 कॉइल रेझिनमध्ये ओतून केलेला स्टेटर, तो स्थिर. तीन फेज, प्रत्येक फेजला तीन कॉइल. स्टेटरमध्ये लोखंड नाही त्यामुळे चक्की अडखळत नाही, मंद वाऱ्यातही हलके सुरू होते. चकत्या माइल्ड स्टीलच्याच घ्या, स्टेनलेस नको, कारण चुंबकाचा प्रवाह त्या चकतीतूनच एका मॅग्नेटकडून दुसऱ्याकडे जातो. बेअरिंगसाठी जुन्या कारच्या मागच्या चाकाचा हब भंगारात मिळतो, तो उत्तम.

आणि हे मॅग्नेट म्हणजे खेळ नाही. दोन चकत्या जवळ आणताना मध्ये बोट सापडलं तर हाड चुरडतं. चकतीला आटे पाडून लांब बोल्टवर टेकवत, एकेक फेरा देत खाली उतरवायची, हाताने धरून अजिबात नाही. पोरांना त्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊ देऊ नका.

वीजवाली_मेघना

इलेक्ट्रिकलची आहे म्हणून थोडी भर घालते. कॉइलला वेढे किती हा प्रश्न सगळे विचारतात आणि कुठूनतरी आकडा उचलतात. तसं करू नका, एक टेस्ट कॉइल गुंडाळा. ती दोन चकत्यांच्या मध्ये नेमक्या फटीत धरा, चकत्या ड्रिलने किंवा लेथवर 150 आरपीएमने फिरवा आणि कॉइलवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडतात ती) डायोडमधून डीसी किती येणार ते असं काढायचं, एका कॉइलचा व्होल्टेज गुणिले 3 कारण फेजमध्ये तीन कॉइल, गुणिले 1.73, गुणिले 1.41, वजा डायोडचे 1.4. म्हणजे साधारण 7.3 पट. 24 व्होल्टच्या बॅटरीला 150 आरपीएमवर चार्जिंग सुरू व्हायला हवं तर एका कॉइलला साडेतीन व्होल्ट आले पाहिजेत. टेस्ट कॉइलला 50 वेढ्यांत अडीचच आले तर वेढे 70 करा, झालं. 48 व्होल्ट हवे तर वेढे दुप्पट आणि तारेची जाडी म्हणजे क्षेत्रफळ निम्मं, जागा तेवढीच लागते.

आणि शक्य असेल तर 48 च करा. 300 वॅट 24 व्होल्टवर म्हणजे साडेबारा अँपिअर. खांबापासून घर 30 मीटर, जाऊन येऊन 60 मीटर, 4 चौरस मिमी तांब्याची वायर, तर वायरमध्येच सव्वातीन व्होल्ट जातात. तेरा टक्के गेले! 48 ला तेच नुकसान साडेतीन टक्क्यांवर येतं.

कातळशिल्प

आम्ही रत्नागिरीकडचे, घर अगदी कड्यावर, समोर समुद्र. वारा बारमाही म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे चालेल ना? खारी हवा आहे म्हणून भीती वाटते, इथे सायकलची चेन सहा महिन्यात गंजते.

सड्यावरचा

कातळशिल्प, जागा चांगली वाटतेय पण भीती बरोबर आहे. निओडिमियमवर निकेलचा पातळ मुलामा असतो, त्याला एक ओरखडा गेला की खाऱ्या दमट हवेत आतून गंज चढतो, मॅग्नेट फुगतो आणि स्टेटरला घासायला लागतो. तुमच्याकडे फेराइट मॅग्नेटचा विचार करा. ताकद कमी म्हणून चकत्या मोठ्या आणि मशीन जड होतं, पण फेराइट गंजत नाही आणि स्वस्तही. नट बोल्ट स्टेनलेसचे, खांब हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. आणि कड्याच्या अगदी टोकावर खांब नको. वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि काठाच्या मागे भोवरा होतो. थोडं मागे सरून आणि उंच. पतंग आणि लांब रिबन काठीला बांधून बघा, रिबन सरळ ताणलेली राहते की फडफडते ते डोळ्याला दिसतं.

फॅब्रिकेशन_आणि_बरंच_काही

माझं शेड, गेट, टाकीचे स्टँड यांचं काम आहे. खांबाबद्दल लिहा ना राव, तेच सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे लोक येतात, पाती जपून डिकीत आणतात आणि खांबाला म्हणतात कुठलापण पाइप दे.

सड्यावरचा

अगदी मनातलं बोललात. माझं तर म्हणणं आहे की बजेटचा मोठा हिस्सा खांबाला द्या. 10 मीटरचा खांब 20 मीटरचा केला की मोकळ्या जागी वारा साधारण दहा टक्के वाढतो, घन केल्यावर ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. आणि आजूबाजूला झाडं असतील तर फरक त्याहून कितीतरी मोठा.

आडवा पाडता येणारा खांब करायचा. बुडाशी बिजागर, चारही बाजूंना तारेचे ताण, उंचीप्रमाणे दोन किंवा तीन टप्प्यांवर, आणि बुडाशी काटकोनात एक आडवा पाइप, त्याला धरून चेनपुली किंवा हाताच्या विंचने उभा आडवा करता येतो. वर चढून काम करणं हा प्रकारच नको. ताणाची एक बाजू सोडून खांब खाली घ्यायचा, ग्रीस, रंग, पात्यांची टेप, सगळं जमिनीवर. 12 मीटरच्या वाऱ्यात या चक्कीवर साधारण 30 किलोचा आडवा जोर येतो, आकडा लहान वाटतो पण तो पंधरावीस मीटर उंचीवर, धक्क्याधक्क्याने, रात्रंदिवस येतो. आमच्या सड्यावर वर वीतभर माती आणि खाली जांभा, त्यामुळे ताणाचे अँकर जांभ्यात भोक पाडून सिमेंट ग्राउटने बसवले. मातीत असेल तर खड्डा करून काँक्रीटचा गठ्ठा गाडावा लागेल. तारेला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू), आणि टर्नबकल फिरून सुटू नये म्हणून त्यातून वायर ओवून बांधायची.

आणि खांबाला अर्थिंग! सड्यावर वीज पडते. बुडाशी आणि प्रत्येक अँकरला अर्थ रॉड, आणि घरात वायर शिरते तिथे सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत सोडणारं उपकरण.

आऱ्हूसकर

डेन्मार्कहून. इथे विंड कंपनीतच कामाला आहे म्हणून हा विषय बघून राहवलं नाही. इथल्या एवढ्या मोठ्या उद्योगाची मुळं हौशी लोकांच्या अंगणात आहेत. आस्कोव्हमध्ये पॉल ला कूर हे शिक्षक, त्यांनी 1891 मध्ये पवनचक्कीवर वीज केली, त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवला आणि शाळेत दिवे लावले. 1973 च्या तेलाच्या संकटानंतर क्रिस्टियान रिसायर नावाच्या सुताराने घराच्या आवारात 22 किलोवॉटची चक्की उभी केली. आणि ट्विंडच्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून 1975 ते 78 मध्ये 54 मीटर व्यासाची प्रचंड चक्की बांधली. सुतार आणि शिक्षक! मला हे आपल्याकडच्या आयटीआयमधल्या पोरांना सांगावंसं वाटतं नेहमी.

एक तांत्रिक मुद्दा. वादळात काय करणार? ब्रेक की शेपूट?

सड्यावरचा

आऱ्हूसकर, सुंदर माहिती. शेपूटच. जनरेटरचा मध्य खांबाच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवायचा, व्यासाच्या साधारण विसाव्या भागाइतका, म्हणजे 2.4 मीटरला 120 मिमी. वारा वाढला की पात्यांवरचा जोर सगळं डोकं बाजूला वळवायला बघतो. शेपटीची बिजागरी उभ्या रेषेपासून साधारण 20 अंश तिरकी असते, त्यामुळे वळताना शेपूट वर उचलली जाते आणि तिचं वजन त्याला विरोध करतं. वारा एका मर्यादेपुढे गेला की जोर जिंकतो, डोकं तिरकं होतं, पाती वाऱ्यातून निघतात. वारा पडला की शेपूट आपल्या वजनाने खाली येते आणि पाती परत वाऱ्यासमोर. ना स्प्रिंग, ना सेन्सर, ना इलेक्ट्रॉनिक्स. किती वाऱ्याला वळायचं ते शेपटीच्या वजनावर ठरतं, जास्त वीज हवी म्हणून शेपूट जड करत बसू नका, पाती आणि स्टेटर दोन्ही जातील.

शिवाय खाली तीन फेज एकत्र शॉर्ट करणारा स्विच. शॉर्ट केलं की जनरेटर स्वतःच ब्रेक होतो. पण तो वारा मंद असताना मारायचा, खांब खाली घेण्याआधी किंवा वादळाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळी. भर वादळात फिरत्या चक्कीला शॉर्ट केलं तर स्टेटर जळू शकतो.

तारामास्तर

सोलारचा एमपीपीटी (बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर) आहेच घरात, त्यालाच जोडली चक्की तर? वेगळा खर्च कशाला.

वीजवाली_मेघना

नको मास्तर, हे अजिबात करू नका. सोलार कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनल तोडतो, पॅनलला काही फरक पडत नाही. चक्कीचा लोड तोडला की ती सुसाट सुटते, व्होल्टेज दुप्पट तिप्पट होतं आणि आधी कंट्रोलर उडतो, मग पाती. आमच्या ओळखीच्या एका फार्महाउसवर हेच झालं, लिथियम बॅटरी होती, तिच्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) बॅटरी फुल म्हणून अचानक सर्किट तोडलं, रात्रीचा वारा, सकाळी एक पातं शेजारच्या उसात सापडलं. कुणी खाली नव्हतं हे नशीब.

चक्कीला डंप लोड लागतोच. बॅटरी भरत आली की कंट्रोलर जादा वीज हीटरकडे वळवतो, चक्कीवर लोड कायम. हीटरचं क्षमतामान चक्कीच्या कमाल वॅटपेक्षा जास्त हवं. पावसाळ्यात आंघोळीचं पाणी कोमट होतं हा वरचा फायदा. लेड अ‍ॅसिड ट्यूब्युलर बॅटरी या कामाला मला जास्त सुरक्षित वाटते, लिथियम लावायचीच तर डंप लोड बीएमएसच्या अलीकडे, चक्कीच्या बाजूला आणि बॅटरीशिवायही चालू होईल असा हवा.

कातळशिल्प

ताई हे फार महत्त्वाचं सांगितलंत, कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. दादा, रोज युनिट किती धरायचे मग? आईला सांगायचंय म्हणून विचारते, ती पहिला प्रश्न हाच विचारणार.

सड्यावरचा

आईंना सांगा, 2.4 मीटरच्या चक्कीला सरासरी 5 मीटर वारा असेल तर दिवसाला अडीच युनिटच्या आसपास. दिवे, टीव्ही, वायफाय, पंखे, छोटा फ्रिज काटकसरीने. सरासरी 3 असेल तर अर्धं युनिट, त्यासाठी एवढा खटाटोप करू नका. म्हणून पुन्हा सांगतो, आधी वारा मोजा.

सुतारकी_हौस

पाती कशाची करताय? मी सागाची करायच्या विचारात होतो, घरात जुने वासे आहेत.

सड्यावरचा

साग टिकतो पण जड, आणि पातं जड म्हणजे हबवर ओढ जास्त. पीव्हीसी पाइपची पाती मीटरभर व्यासापर्यंत ठीक, पुढे ती लवतात आणि उन्हाने ठिसूळ होतात. आमच्या सुतारकाकांनी शिवण सुचवली, हलकी, वाळल्यावर वाकत नाही आणि रंध्याखाली छान चालते. नाहीतर पॅकिंगच्या पेट्यांतलं पाईन, पण गाठी नसलेलं, रेषा सरळ बुडापासून टोकापर्यंत गेलेलं. बुडाशी रुंद आणि तिरपं, टोकाकडे अरुंद आणि जवळजवळ सपाट. तिन्ही पात्यांचं वजन आणि तोल जुळला पाहिजे, नाहीतर खांब थरथरतो. जवसाच्या तेलाचे दोनतीन हात, आणि वाऱ्याला सामोऱ्या कडेला पॉलियुरेथेनची टेप, कारण पावसाचे थेंब त्या वेगाने आपटून लाकूड खातात. टोकाची टेप दर पावसाळ्यानंतर बदलायची.

जुन्या वाशात खिळे असतात, रंधा मारायच्या आधी मॅग्नेट फिरवून बघा.

सुतारकी_हौस

बरं झालं विचारलं. शिवण मिळते का बघतो वखारीत, ओली असेल तर किती वाळवू?

सड्यावरचा

ओली असेल तर लगेच कापू नका. फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचा, इंचभर जाडीला वर्ष धरतात आमचे काका. तेवढ्यात तुमचा वारा मोजून होईल. अ‍ॅनिमोमीटरचं सर्किट आणि कोड हवा असेल तर सांगा, इथेच टाकतो.